घर बघायला गेलो तेव्हा विद्यापीठाला सुट्टी होती

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार जणांच्या एका कुटुंबाचं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, दहा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई, वय ७२. ओळख पटू नये म्हणून नावं, शहर, रस्ते गाळले आहेत. मी त्यांचा जुना परिचित. माझं काम शहर नियोजनाचं, म्हणून घर शोधताना "तू जरा बरोबर ये ना" म्हणत त्यांनी मला ओढलं. पुढे जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा आहे, तो आधीच सांगून टाकतो.

कुटुंब तोवर शहराच्या कडेला राहत होतं. घर मोठं, हवेशीर, भाडं आटोक्यात. पण कुठेही जायचं तर गाडी काढायची. नवऱ्याला ऑफिस गाठायला एका बाजूने ७० मिनिटं लागत. मुलीच्या शाळेची ने-आण, आईंची औषधं, वाणसामान, सगळं त्या एका गाडीवर. आई गाडी चालवत नाहीत. सकाळी नऊला घर रिकामं झालं की संध्याकाळी सातपर्यंत त्या चार भिंतींत. "मी इथं राहत नाही, मला इथं ठेवलंय," असं त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या. हसत म्हटलं तरी ते सगळ्यांना लागलं.

अडचण

बायकोला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. जुन्या घरातून तिथे पोचायला ८० मिनिटं. वेळा उलटसुलट, आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची पाळी. एका गाडीत हे बसेना. दुसरी गाडी घ्यायची की घर बदलायचं, असा प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवायला हातात दोन महिने होते.

विद्यापीठाच्या आसपासचा भाग सगळ्यांच्या मनात भरला होता. मेट्रोचं स्थानक, बस, शाळा, दवाखाना, बाग, दुकानं सगळं पायी अंतरावर. पाव तासात रोजच्या गरजा भागाव्यात अशा शहराची कल्पना कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडली. त्याच्या कितीतरी आधीपासून हा भाग तसाच जगत होता. विद्यापीठाभोवतीची वस्ती बहुतेक अशीच घडते. हजारो माणसं रोज एकाच ठिकाणी येतात, त्यातल्या बहुतेकांकडे गाडी नसते आणि त्यांना दिवसभर काही ना काही लागतं. दुकानं आणि बस आपोआप त्यांच्यामागे येतात.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय होतं तिथेच राहून दुसरी गाडी घेण्याचा. तो कुणाला मनापासून नको होता, पण भाडं सर्वांत कमी त्यातच.

दुसरा, स्थानकासमोरच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट होती. स्थानक चार मिनिटांवर, ग्रंथालय नऊ मिनिटांवर. खाली सहा पदरी रस्ता.

तिसरा, विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतलं तळमजल्याचं जुनं घर. एक खोली कमी, स्वयंपाकघर अंधारं, पण दाराबाहेर शांत गल्ली आणि झाडं. स्थानक ११ मिनिटं, ग्रंथालय १६ मिनिटं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घराचं भाडं जवळपास सारखंच होतं, जुन्या घराच्या दीडपट. गाडीचा हप्ता, विमा, इंधन आणि दुरुस्ती मिळून जुन्या भाड्याच्या चाळीस टक्के खर्च दरमहा होत होता. म्हणजे गाडी विकली तरी मेट्रोचे पास आणि अधूनमधूनची टॅक्सी धरून नवीन जगणं जुन्यापेक्षा महागच पडणार होतं. हे त्यांनी आधी मांडून पाहिलं, ते बरं केलं. "गाडी विकली की भाडं निघतं" असं सर्रास म्हटलं जातं. इथे निघत नव्हतं. जुन्या भाड्याच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त रक्कम दरमहा पदरची घालावी लागणार होती. तिच्या बदल्यात दोघांचे मिळून दिवसाला साडेतीन तास वाचणार होते, बावीस कामाच्या दिवसांत सुमारे ७७ तास. एवढ्या तासांसाठी एवढे पैसे मोजायला दोघंही तयार झाली.

पहिला निर्णय आणि त्यामागची मोजणी

दोन्ही घरं आम्ही एकाच शनिवारी पाहिली, सकाळी अकरा ते एक. मी मोठ्या उत्साहाने स्टॉपवॉच घेऊन गेलो होतो.

नियोजनात एक जुना ठोकताळा आहे: पाच मिनिटांचं चालणं म्हणजे साधारण ४०० मीटर. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी आदर्श वस्तीची कल्पना मांडली, तिची त्रिज्या पाव मैल, म्हणजे तेवढीच होती. नकाशावर असं वर्तुळ काढणं सोपं असतं, पण माणूस वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्यावरून चालतो. काटकोनात आखलेल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष चाल सरळ रेषेच्या १.४ पटीपर्यंत जाऊ शकते. मध्ये रेल्वेमार्ग, मोठी भिंत किंवा बंद आवार आलं तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे घराच्या जाहिरातीतल्या 'स्थानकापासून अमुक मीटर'वर विश्वास न ठेवता आम्ही प्रत्येक रस्ता चालून पाहिला. मला वाटलं, आता चुकायला जागाच नाही.

तिसऱ्या घरापासून ग्रंथालयाकडे निघालो तेव्हा गल्लीच्या टोकाला विद्यापीठाच्या भिंतीत एक लोखंडी गेट लागलं. कुलूप होतं. कडीवर गंज, पायाशी वाळलेल्या पानांचा ढीग. गेट बंद म्हणून आम्ही भिंतीला वळसा घालून मुख्य दाराने आत गेलो आणि १६ मिनिटं अशी नोंद केली.

गेटशेजारी भिंतीवर हातभर रुंदीची पत्र्याची पाटी होती. मला ती आठवते, कारण तिच्या खिळ्याला मुलीचा दुपट्टा अडकला होता आणि तो सोडवताना मी पाटीला हात लावला होता. वाचली मात्र नाही.

सोळा विरुद्ध नऊ, अकरा विरुद्ध चार. एक खोली जास्त आणि लिफ्ट. निर्णय तिथेच झाला. स्थानकासमोरचा फ्लॅट एका वर्षाच्या कराराने घेतला आणि तीन आठवड्यांत कुटुंब राहायला आलं.

तो शनिवार वार्षिक सुट्टीतला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याचा मोजणीशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सत्र सुरू झालं

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. नवरा ३५ मिनिटांत ऑफिसात. बायको दुपारच्या सुट्टीत घरी येऊन जाई. मुलगी महिन्याभरात शाळेत एकटी जायला लागली आणि या बदलात सगळ्यांत जास्त कमाई तिचीच झाली. पूर्वी मैत्रिणीकडे जायचं तर तिला आई-बाबांपैकी कुणाला तरी रिकामा वेळ आहे का ते विचारावं लागे. आता ती नुसतं सांगून जाते.

मग विद्यापीठ उघडलं आणि आठवड्याभरात वस्ती ओळखू येईना. फुटपाथवर दुचाकी आणि सायकली लागल्या. पावणेनऊच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी राहायला आले. लिफ्ट दिवसभर चालू आणि महिन्यातून दोनदा बंद.

रात्रीचा आवाज ही खरी कुरबुर ठरली. मेट्रो जमिनीखालून जात असल्याने तिचा त्रास नव्हता. त्रास होता शेवटच्या गाडीनंतरच्या वीस मिनिटांचा. गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी येई आणि सगळा घोळका एकदम वर येई. हसणं, हाका, दुचाकी चालू करणं. रविवारी रात्री घरून परतणाऱ्यांच्या बॅगा. फुटपाथवर खाचांच्या फरश्या होत्या आणि त्यांवरून ओढलेल्या बॅगेची चाकं जो खडखडाट करतात तो तिसऱ्या मजल्यावर अगदी स्वच्छ ऐकू येतो. एक बॅग लांबून येते, खिडकीखालून जाते, कोपऱ्यावर वळते आणि तोवर दुसरी सुरू झालेली असते.

नवऱ्याने फोनवर मोजलं. रात्री अकरानंतर खिडकीबाहेर ६० डेसिबलच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी रात्रीची शिफारस ४५ डेसिबलच्या खाली राहण्याची आहे. ती घराबाहेरची आणि वर्षभराची सरासरी असते, फोनवरची पाच मिनिटांची नोंद तिच्याशेजारी सरळ मांडता येत नाही, आणि फोनचं मोजमापही कच्चंच. पण दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. इथे फरक पंधराचा दिसत होता.

आई आणि सहा पदरी रस्ता

आवाजाची सवय होते म्हणतात. रस्त्याची झाली नाही.

बाग, दवाखाना आणि वाचनालय सगळं रस्त्यापलीकडे होतं. घर बघताना आम्ही तिघं मोठी माणसं गप्पा मारत तो रस्ता ओलांडून गेलो होतो. आई त्या दिवशी आल्या नव्हत्या. गुडघा दुखत होता. "तुम्ही बघा, मला काय, तुम्हाला आवडेल ते," म्हणाल्या आणि आम्ही ते खरं धरलं.

रस्ता २२ मीटर रुंद, मधे थांबायला दुभाजक नाही, पादचाऱ्यांसाठी सिग्नल १८ सेकंद. म्हणजे सेकंदाला १.२ मीटरहून थोडं जास्त चालावं लागणार. अनेक देशांत सिग्नल याच १.२ मीटर वेगावर बेतलेले असतात. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरील लोकांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८४ टक्के पुरुष आणि ९३ टक्के स्त्रिया या वेगाने चालू शकत नसल्याचं आढळलं होतं. हा अभ्यास मला माहीत होता. मी तो दोन ठिकाणी व्याख्यानात सांगितलाही होता.

आईंचा वेग घरातल्या पॅसेजमध्ये मोजला: दहा मीटरला बारा सेकंद. १८ सेकंदांत त्या १५ मीटर जात. उरलेले सात मीटर, म्हणजे दोन पदर, त्या सुटलेल्या वाहनांसमोर चालणार. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा एका दुचाकीस्वाराने हॉर्न दाबून ठेवला आणि त्या रस्त्यातच थिजून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी पलीकडे एकटं जाणं सोडलं. खाली उतरायचं, इमारतीच्या ओट्यावर बसायचं, वर यायचं. एवढा खटाटोप करून घर बदललं आणि त्यांचा दिवस होता तिथेच आला. चार भिंतींत एका ओट्याची भर, एवढंच.

काय काय केलं

सिग्नलसाठी नवऱ्याने वाहतूक विभागाकडे अर्ज केला. पहिला अर्ज 'ज्येष्ठांना त्रास होतो, वेळ वाढवावी' असा दोन ओळींचा होता; त्याला उत्तरच आलं नाही. दुसरा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. रस्त्याची रुंदी, आत्ताची वेळ, त्यातून लागणारा वेग आणि एका सकाळी दोन तास उभं राहून केलेली मोजणी: किती जण ओलांडून गेले, किती जण दिवा बदलला तेव्हा रस्त्यातच होते. शेजारच्या दवाखान्याची सही घेतली. या अर्जावर पाहणीला माणूस आला. सात महिन्यांनी वेळ १८ वरून २८ सेकंद झाली, म्हणजे वेगाची अट ०.८ मीटरवर आली. आईंना तेवढं पुरतं. तोवर त्यांची हिंमत मात्र गेली होती, ती सिग्नलबरोबर परत आली नाही.

वरच्या विद्यार्थ्यांचं प्रकरण जास्त नाजूक. रात्री एकच्या सुमाराला खुर्ची सरकवल्याचा आवाज येई, दर दहा-पंधरा मिनिटांनी. घरमालकाकडे तक्रार करायची की आधी स्वतः बोलायचं, यावर नवरा-बायकोत दोन दिवस वाद चालला. त्याचं म्हणणं, "आपण कशाला वाईट व्हायचं, मालक बघेल." तिची पंचाईत वेगळी होती: त्या चौघांपैकी एक मुलगी रोज ग्रंथालयात तिच्याच काउंटरवर येत असे. शेवटी आईच वर गेल्या. सोबत खुर्चीच्या पायांना चिकटवायच्या नमद्याच्या चकत्यांचं पाकीट.

"बाळा, तुमचा अभ्यास चालू दे. फक्त ह्या खुर्चीला जोडे घाल."

पोरं ओशाळली. त्यांना खाली आवाज जातो हेच ठाऊक नव्हतं. सोळा चकत्या लागल्या आणि खुर्ची गप्प झाली. फोन नंबर दिले-घेतले गेले. परीक्षेच्या काळात तीच मुलं आईंची औषधं आणून देत. मला विचाराल तर या सबंध प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत यशस्वी उपाय तोच. पण वर्ष संपलं, चौघं गेली, खुर्च्याही घेऊन गेली. नवीन चौघं येणार, नवीन खुर्च्या येणार. विद्यापीठाजवळ शेजार दरवर्षी नव्याने जोडावा लागतो.

गाडीचं काय केलं तेही सांगतो. लगेच विकली नाही, तीन महिने ठेवली आणि प्रत्येक वापर वहीत लिहिला. बारा आठवड्यांत सात वेळा निघाली. त्यातल्या तीन फेऱ्या केवळ 'बॅटरी उतरू नये म्हणून'. गाडी आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. यांची त्याच्याही वर गेली होती. विकण्याला आडवी आली ती एकच भीती: रात्री आईंना काही झालं तर? मी त्यांना एका मध्यरात्री नुसती टॅक्सी बोलावून बघायला सांगितलं. नऊ मिनिटांत आली. चौथ्या महिन्यात गाडी गेली.

पाटी

सत्र सुरू होऊन महिना झाला असेल. बायको ग्रंथालयातून परतताना सहकारी मैत्रिणीबरोबर मागच्या बाजूने बाहेर पडली आणि चालता चालता थबकली. ते गंजकं गेट सताड उघडं होतं. विद्यार्थ्यांची रांगच्या रांग त्यातून गल्लीत जात होती. शेजारी पाटी: 'सत्र चालू असताना सकाळी ६ ते रात्री १०. सुट्टीत बंद.'

तिने तिथूनच मला फोन केला. तिसऱ्या घरापासून ग्रंथालय तिने मोजलं: सहा मिनिटं. आम्ही सोळा लिहिलं होतं, आणि ते घर आम्ही मुख्यतः त्या आकड्यापायी नाकारलं होतं. आईंसाठी तर हिशेबच निराळा निघत होता. गेटातून आत गेलं की आवारात बाकं, सावली, सपाट रस्ते आणि वाहनं जवळजवळ नाहीतच. मधे ओलांडायची ती फक्त गल्ली.

आमचे आकडे खोटे नव्हते. ते वर्षातल्या दहा-अकरा आठवड्यांचे होते आणि आम्ही ते बावन्न आठवड्यांना लावले. शांतता सुट्टीतली, बसमधली जागा सुट्टीतली, रिकामा फुटपाथ सुट्टीतला आणि बंद गेटही सुट्टीतलंच. पहिल्या तीन गोष्टींनी स्थानकासमोरचं घर होतं त्यापेक्षा चांगलं दिसलं आणि चौथीने गल्लीतलं घर होतं त्यापेक्षा वाईट.

करार संपताना

करार संपायला दोन महिने असताना घरमालकाने कळवलं की पुढच्या वर्षी फ्लॅट विद्यार्थ्यांना द्यायचा विचार आहे. राहायचं असेल तर भाडं एक चतुर्थांशाने वाढेल. त्यात त्याचा काही दुष्टपणा नव्हता. चौघं विद्यार्थी वाटून घेतात तेव्हा एका कुटुंबाला परवडेल त्याहून जास्त एकूण भाडं सहज देतात. ब्रिटनमध्ये या बदलाला 'स्टुडंटिफिकेशन' म्हणतात. भूगोलतज्ज्ञ डॅरेन स्मिथ यांच्या २००२ च्या सुमाराच्या अभ्यासातून तो शब्द रुळला. इंग्लंडमध्ये २०१० पासून तीन ते सहा असंबंधित लोकांनी वाटून घेतलेल्या घराला नियोजनाच्या नियमांत वेगळा वर्गच आहे, आणि काही शहरांत कुटुंबाच्या घराचं तसं रूपांतर करायला आधी परवानगी लागते. आमच्या या वस्तीत तसलं काही नव्हतं.

तीन वाटा होत्या. वाढीव भाडं भरून राहणं, पुन्हा शहराच्या कडेला जाणं किंवा याच भागात दुसरं घर शोधणं. कडेला परत जायला मुलीने ठाम नकार दिला. भाडं भरायचं तर आईंचा प्रश्न होता तसाच. राहिला तिसरा.

अडचण अशी की करार संपत होता नेमका नव्या सत्राच्या तोंडावर, घरं मिळणं सगळ्यांत कठीण असतं तेव्हा. इथे त्यांनी एक हुशारी केली. सुचली बायकोला, मला नाही. वाढीव भाड्याने फक्त चार महिन्यांची मुदतवाढ मागितली. विद्यार्थी मधल्या काळात येत नाहीत, त्यामुळे मालक कुरकुरला. तेव्हा तिने त्याला पुढच्या सत्राच्या मध्याला येणारे दोन संशोधक शोधून दिले, ग्रंथालयातल्या ओळखीतून. मालकाचं घर रिकामं राहणार नव्हतं, तो कबूल झाला. चार महिने महागात गेले, पण घर शोधायला मोसम सरल्यानंतरचा शांत काळ मिळाला.

गल्लीतलं ते जुनं घर तोवर गेलं होतं. त्याच गल्लीत चार घरं सोडून दुसरं मिळालं, तेही तळमजल्याचं. तिथल्या मालकीणबाईंना विद्यार्थ्यांचा कंटाळा आला होता. दर सुट्टीत घर रिकामं, दर वर्षी रंगरंगोटी. "बारा महिने दिवा लावणारं कुणी हवंय," त्या म्हणाल्या. या वाक्याची किंमत ओळखून कुटुंबाने दोन वर्षांचा करार मागितला, आणि तो संपेल सत्राच्या मध्यावर, सुरुवातीला नाही. भाडं स्थानकासमोरच्या फ्लॅटच्या मूळ भाड्यापेक्षा थोडं कमीच ठरलं.

या वेळी घर तीनदा पाहिलं. मंगळवारी सकाळी पावणेनऊला, शुक्रवारी रात्री साडेबाराला आणि पावसात. आई तिन्ही वेळा बरोबर होत्या, रात्री साडेबारालासुद्धा. पावसातल्या फेरीत कळलं की गल्लीच्या तोंडाशी घोट्याएवढं पाणी साचतं. ते मान्य करूनच घर घेतलं.

काय हाती लागलं

नव्या घराला आता दीड वर्ष झालं. नवऱ्याची स्थानकापर्यंतची चाल चारवरून अकरा मिनिटांवर गेली. सुरुवातीला तो कुरकुरला, आता म्हणतो दिवसातली तेवढीच वेळ कुणी काही विचारत नाही. बायको सहा मिनिटांत कामावर. आई रोज सकाळी गेटातून आत जातात, तिसऱ्या बाकावर बसतात आणि नऊच्या आत परततात. सार्वजनिक व्याख्यानांची यादी त्या सुनेकडून मागवतात. झोप लागते म्हणतात, पण जातात.

खर्च वाढलेलाच आहे. एक खोली कमी आहे आणि मुलगी मोठी होतेय, तो प्रश्न पुढे येणार. सुट्टीत बस बारा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने येते. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलं तर सरासरी सहा मिनिटांची वाट पंधरावर जाते. निम्मी दुकानं लवकर बंद होतात. आणि गेटला कुलूप लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

घर बघण्याचा दिवस आमच्या सोयीने ठरला होता, ही पहिली गोष्ट. सुट्टीत बघावं लागलं तरी बसचं दोन्ही काळांचं वेळापत्रक काढता आलं असतं, गेटवरच्या रखवालदाराला विचारता आलं असतं, पाटी तर वाचता आलीच असती. असा भाग स्थानकाच्या आणि विद्यापीठाच्या घड्याळावर चालतो. शेवटची गाडी, पहिली गाडी, सत्राची सुरुवात, परीक्षा, सुट्टी, एवढ्या पाच वेळा एका कागदावर मांडल्या असत्या तर निम्मे धक्के टळले असते.

दुसरी गोष्ट आईंची. घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाने चालून पाहिल्याशिवाय 'पायी अंतर' ठरवायला नको होतं. चालण्यायोग्यतेला गुण देणारी 'वॉक स्कोअर'सारखी साधनं २००७ पासून आहेत आणि आम्ही तिचा आकडा पाहिलाही होता, उत्तम होता. पण शंभरपैकी किती हा आकडा पत्त्याला मिळतो, चालणाऱ्याच्या गुडघ्याला नाही. "तुम्हाला आवडेल ते" या उत्तरावर आणखी एकदा विचारायला हवं होतं. मुलगा-सून हे आता कबूल करतात. आई म्हणतात, विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं.

एका बाबतीत आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते पहिल्या घराचा करार सहा महिन्यांचाच करायला हवा होता, भाडं जास्त पडलं असतं तरी. नवऱ्याच्या मते तसं केलं असतं तर मुलीची शाळा ऐन वर्षात हलली असती आणि वरच्या मुलांशी, चकत्यांशी, सिग्नलशी त्यांचा काही संबंधच आला नसता. शाळेचं त्याचं म्हणणं बरोबर नाही, कारण शाळा दोन्ही घरांना एकच आहे. बाकीच्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या सुट्टीच्या आधी आईंनी विद्यापीठाला एक अर्ज दिला. मागचं गेट सुट्टीतही सकाळी दोन तास उघडं ठेवावं, अशी मागणी. सिग्नलच्या वेळचा धडा लक्षात ठेवून या वेळी पहिल्याच अर्जाला मोजणी जोडली होती: वळसा किती मीटरचा, गल्लीत साठीच्या पुढचे किती जण राहतात, त्यांतले किती सकाळी फिरायला जातात. गल्लीतल्या एकतीस जणांच्या सह्या. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. सुट्टी तीन आठवड्यांवर आली.